घड्याळ किती चुकते, त्यावरून का चुकते

संगणकाच्या घड्याळाविषयी वाचकांकडून आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना ‘सेल बदलून टाका’ हा सल्ला आधीच मिळालेला आहे. काहींच्या बाबतीत तो अचूक आहे, तर काहींनी त्यापायी निष्कारण खर्च आणि खटाटोप केला आहे. घड्याळ किती चुकते आणि ते संगणक बंद असताना चुकते की चालू असताना, या दोन गोष्टींची नोंद आधी केली, तर बहुतेक वेळा दोष कोठे आहे ते संगणक न उघडताही कळते. प्रश्न संक्षिप्त स्वरूपात दिले आहेत.

प्रश्न : घरातील डेस्कटॉप संगणक रोज सकाळी काही वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो. सुरुवातीला काळ्या स्क्रीनवर एक संदेश येतो आणि एफ-१ ही कळ दाबल्याशिवाय संगणक पुढे सरकत नाही. तारीख हाताने दुरुस्त करीपर्यंत एकही संकेतस्थळ उघडत नाही. रात्री आम्ही भिंतीवरचे बटण न चुकता बंद करतो. दुरुस्ती करणाऱ्याने विंडोज नव्याने टाकण्यास सांगितले आहे. तसे करावे का?

उत्तर : नाही. आपण वर्णन केलेली सर्व लक्षणे मदरबोर्डवरील सेल संपल्याची आहेत आणि विंडोज कितीही वेळा टाकले तरी त्यांत फरक पडणार नाही.

संगणकात घड्याळे दोन असतात, हे येथे लक्षात घ्यावे लागेल. एक मदरबोर्डवर असते आणि संगणक बंद असतानाही चालू राहते. दुसरे विंडोज किंवा लिनक्स स्वतः चालवते. ते संगणक सुरू होताना पहिल्या घड्याळातील वेळ वाचून घेते आणि त्यानंतर प्रोसेसरच्या आधाराने आपली मोजणी स्वतंत्रपणे पुढे नेते. पहिल्या घड्याळाला संगणक बंद असताना वीज पुरवण्याचे काम तीन व्होल्टचा एक लहान, गोल, लिथियमचा सेल करतो. पूर्वीच्या संगणकांत बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करून देणाऱ्या मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रॅमच्या, सेटिंगही याच सेलवर टिकून असत; आजच्या बहुतेक मदरबोर्डांवर त्या वेगळ्या चिपमध्ये राहतात, तरीही सेल संपल्यावर किंवा काढल्यावर अनेक मदरबोर्ड त्या मूळ स्थितीला नेतात. एफ-१ दाबायला लावणारा संदेश त्यामुळेच येतो.

आपल्या पत्रातील भिंतीवरच्या बटणाचा उल्लेख फार उपयोगाचा आहे. संगणक ‘शट डाउन’ केला, पण भिंतीवरचे बटण चालू ठेवले, तर पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ त्या विजेवर चालते. सेलवर भार जवळजवळ पडत नाही. बटण बंद केले की सगळा भार सेलवर येतो. घड्याळाला लागणारा प्रवाह अवघा काही मायक्रोअँपिअर असल्यामुळे सेल वर्षानुवर्षे पुरतो, पण रोज रात्री वीज पूर्ण तोडली जात असेल, तर तो तुलनेने लवकर संपतो. बटण बंद करण्याची आपली सवय सोडावी असे मी म्हणणार नाही, कारण सेल स्वस्त असतो आणि विजेच्या चढउतारापासून मिळणारे संरक्षण त्याहून मोलाचे आहे. खात्री करून घ्यायची असेल, तर एक रात्र बटण चालू ठेवून पाहावे. सकाळी तारीख बरोबर असेल, तर दोष सेलचाच आहे.

संकेतस्थळे का उघडत नाहीत, तेही सांगतो, कारण अनेकांना हा इंटरनेटचा बिघाड वाटतो. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असते आणि ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे हे त्यातच नोंदलेले असते. हा कालावधी काही वर्षांइतका मोठा नसतो. संगणकाच्या लेखी आजची तारीख काही वर्षांपूर्वीची असेल, तर ब्राउझरला ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही असे दिसते आणि तो संकेतस्थळ उघडण्यास नकार देतो.

मग इंटरनेट जोडलेले असताना विंडोज आपली तारीख आपोआप का सुधारत नाही, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. घरगुती संगणकावरील विंडोजच्या वेळ जुळवणाऱ्या सेवेला तफावतीची मर्यादा घालून दिलेली असते आणि ती मूळ सेटिंगनुसार १५ तासांची आहे. फरक त्याहून मोठा असेल, तर कोणी खोटी वेळ पाठवत असण्याची शक्यता गृहीत धरून ती सेवा दुरुस्ती नाकारते. म्हणूनच काही तासांची चूक आपोआप सुधारते आणि काही वर्षांची तशीच राहते. अशा वेळी तारीख आणि वेळ प्रथम हाताने खऱ्या वेळेच्या जवळ आणावी आणि मगच विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमधील ‘सिंक नाऊ’ हे बटण दाबावे.

आता सेल बदलण्याविषयी. बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२ हा सेल असतो. त्यातील २० म्हणजे मिलिमीटरमधील व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर २०२५ हा सेलही तीन व्होल्टचाच आणि तेवढ्याच व्यासाचा असतो, पण तो पातळ असल्याने खोबणीत सैल बसतो आणि काही दिवसांनी तक्रार पुन्हा सुरू होते. सेल काढण्यापूर्वी बायोसमध्ये जाऊन प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, विशेषतः स्टोरेजच्या पानावरील ‘एएचसीआय’ किंवा ‘रेड’ ही निवड नोंदून ठेवावी. सेटिंग मूळ स्थितीला गेल्यावर ती बदलली, तर विंडोज सुरूच होत नाही आणि एका साध्या कामातून मोठी घबराट निर्माण होते. डिस्कवर ‘बिटलॉकर’ ही विंडोजची मजकूर कुलूपबंद ठेवणारी सोय चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवावी, कारण बायोसमधील बदलानंतर ती विचारली जाण्याची शक्यता असते. सेल बदलून झाल्यावर ती मागितली गेली आणि आपल्याकडे नसली, तर डिस्कवरील सर्व मजकूर हातचा जाऊ शकतो.

त्यानंतर संगणक बंद करावा, वीजतार सॉकेटमधून काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलासुरला भार उतरवावा आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगातील स्थिरविद्युत काढून टाकावी. खोबणीच्या कडेला धातूची एक बारीक पट्टी असते. ती नखाने किंवा प्लास्टिकच्या टोकाने हलकेच बाहेर ढकलली की सेल आपोआप वर उचलला जातो. स्क्रूड्रायव्हर वापरू नये. तो घसरला तर मदरबोर्डवरील रेषा तुटतात आणि ती दुरुस्ती घरी होण्यासारखी नसते. नवा सेल अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून बसवावा. जुना सेल मल्टिमीटरवर मोजला, तर चांगल्या सेलवर तीन व्होल्ट किंवा किंचित अधिक दिसतात, २.७ च्या खाली गेलेल्या सेलवर विसंबू नये.

घरात लहान मूल असेल, तर काढलेला सेल क्षणभरही टेबलावर ठेवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. असा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो ताबडतोब मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा.

प्रश्न : माझ्या संगणकाचे घड्याळ दिवसाला चार-पाच मिनिटे मागे पडते. सेल बदलला, तरीही तेच. संगणक दिवसरात्र चालू असतो. दुसरा सेलही खराब निघाला असेल का?

उत्तर : सेलचा यात संबंध नाही. संगणक चालू असताना घड्याळाला वीज मिळते ती पॉवर सप्लायकडून; सेल त्या काळात जवळजवळ स्वस्थ असतो. सेल कमकुवत झाल्याने होणारी चूक वेगळी दिसते. संगणक बंद केल्यावर घड्याळ थांबते, सुरू केल्यावर थांबले तेथून पुढे चालू लागते आणि त्यामुळे संगणक जितके तास बंद होता जवळपास तितकेच तास ते मागे राहते. आपला संगणक बंदच होत नाही, म्हणून हे कारण उरत नाही.

आपल्या तक्रारीतील आकडाच पुढची दिशा दाखवतो. मदरबोर्डवरील घड्याळात क्वार्ट्झचा एक सूक्ष्म स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या दोनाचा पंधरावा घात आहे. तिला पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक उरतो, म्हणजे एक सेकंद मिळतो. मनगटी क्वार्ट्झ घड्याळातही हाच स्फटिक असतो. सर्वसाधारण स्फटिकाची चूक दहा लाखांत वीस भागांच्या आसपास असते, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला सुमारे पन्नास सेकंद. स्फटिकाचा वेग सुमारे २५ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असतो आणि तापमान त्याहून वर गेले किंवा खाली आले, तरी तो मंदावतो. ४५ अंशांना दिवसाला आणखी सव्वा सेकंदाच्या आसपास फरक पडतो. प्रोसेसरला गती देणारा स्फटिक वेगळ्या जातीचा असतो, पण त्याची चूकही याच पातळीवरची असते. आपली चार मिनिटे म्हणजे २४० सेकंद. तापलेला किंवा जुना स्फटिक इतका चुकत नाही. तेव्हा येथे मोजणीच कोठेतरी बिघडते आहे किंवा कोणीतरी वेळ बदलते आहे.

दुसरी शक्यता आधी पाहावी, कारण ती तपासायला सोपी आहे. वेळ जुळवणारे दोन प्रोग्रॅम एकाच वेळी चालू असतील, तर एकाने नीट केलेली वेळ दुसरा बिघडवतो. मदरबोर्डसोबत आलेली साधने, वेग वाढवण्यासाठी बसवलेले प्रोग्रॅम, जुने ‘क्लॉक सिंक’ प्रोग्रॅम, हे सर्व तात्पुरते बंद करून पाहावे. प्रोसेसरचा वेग वाढवताना त्याचा मूळ क्लॉक बदलला असेल, तर तो पूर्ववत करावा. हा संगणक म्हणजे दुसऱ्या संगणकाच्या आत चालणारे व्हर्च्युअल मशीन असेल, तर घड्याळ मागे पडणे ही तेथील जुनी तक्रार आहे. व्हर्च्युअल मशीनसोबत दिली जाणारी सहायक साधने बसवली की ती बहुधा मिटते.

एवढ्याने भागले नाही, तर पुढील चाचणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. पेन ड्राइव्हवरून चालणारे लिनक्स घ्यावे, संगणकाचे इंटरनेट तोडावे, त्या लिनक्समध्ये संगणक सुरू करून मोबाइलच्या घड्याळाशी सेकंदापर्यंत तुलना करावी आणि फरक लिहून ठेवावा. संगणक दोन तास तसाच चालू ठेवून पुन्हा तुलना करावी. दिवसाला चार-पाच मिनिटांच्या हिशेबाने दोन तासांत वीस ते पंचवीस सेकंदांची घट दिसायला हवी, आणि ती डोळ्यांनी सहज टिपता येते. घट दिसली नाही, तर दोष विंडोजमध्ये किंवा त्यातील एखाद्या प्रोग्रॅममध्ये आहे. तशीच दिसली, तर ती मदरबोर्डकडे बोट दाखवते. अशा वेळी उत्पादकाने बायोसची नवी आवृत्ती दिली असल्यास ती घालून पाहावी आणि तीही निष्फळ ठरली, तरच मदरबोर्ड बदलण्याचा विचार करावा.

इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय अशा चुकीवर पांघरूण घालते, तिचे निवारण करत नाही. ही जुळवणी एनटीपी नावाच्या पद्धतीने होते. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही जगभर वापरात आहे. संगणक सर्व्हरला वेळ विचारतो, प्रश्न जायला आणि उत्तर यायला लागलेला काळ मोजतो आणि तो हिशेबात धरून आपले घड्याळ सुधारतो. फरक लहान असेल, तर घड्याळ एकदम न उडवता त्याची गती किंचित कमीजास्त करून तो भरून काढला जातो. मात्र मिल्स यांच्या मूळ प्रोग्रॅममध्ये या गतिबदलाला दहा लाखांत पाचशे भागांची मर्यादा आहे, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त ४३ सेकंद. त्याहून अधिक वाहवणारे घड्याळ पुन्हा पुन्हा झटक्याने पुढे ढकलावे लागते आणि अशा प्रत्येक झटक्यात फाइलींच्या व नोंदींच्या वेळांत खंड पडतो.

जुळवणी मुळीच होत नसेल, तर विंडोजच्या सेवांच्या यादीत ‘विंडोज टाइम’ ही सेवा चालू आहे का, ते पाहावे. ती चालू असूनही ‘सिंक नाऊ’ अपयशी ठरत असेल, तर राउटर किंवा फायरवॉल यूडीपीचे १२३ क्रमांकाचे पोर्ट अडवत असण्याची शक्यता मोठी आहे, कारण एनटीपीची सगळी ये-जा त्यातूनच होते. त्याच संगणकाला मोबाइलचे इंटरनेट जोडून पाहिले की अडथळा नेटवर्कचा आहे की संगणकाचा, हे लगेच स्पष्ट होते.

प्रश्न : एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलो की घड्याळ साडेपाच तास मागे असते. नेमके साडेपाचच.

उत्तर : ‘नेमके’ हा शब्द आपण लिहिलात, हे बरे झाले. खराब झालेले घड्याळ नेमकेपणाने चुकत नाही. चूक दर वेळी मिनिटापर्यंत सारखी असेल आणि ती आपली प्रमाणवेळ व जागतिक वेळ यूटीसी यांतील फरकाइतकी असेल, तर सर्व भाग ठणठणीत आहेत आणि दोन प्रणालींमध्ये केवळ एकवाक्यता नाही. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे; दुसऱ्या देशात हाच आकडा त्या देशाच्या प्रमाणवेळेनुसार वेगळा असेल.

मदरबोर्डवरील घड्याळ फक्त आकडे मोजते, ते कोणत्या प्रमाणवेळेचे हे त्याला ठाऊक नसते. विंडोज त्यात स्थानिक वेळ आहे असे मानते. जुन्या डॉसच्या काळापासून ती रीत चालत आली आहे. लिनक्स त्यात यूटीसी आहे असे धरते. शिवाय इंटरनेटवरून वेळ जुळलेली असेल, तर लिनक्स साधारण दर ११ मिनिटांनी आपली वेळ मदरबोर्डवरील घड्याळात उतरवते. मग विंडोज तीच यूटीसी स्थानिक समजून वाचते.

उपाय दोन आहेत. लिनक्सला ‘टाइमडेटसीटीएल’ (timedatectl) या आज्ञेद्वारे स्थानिक वेळ वापरायला सांगता येते किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदवहीत, कंट्रोल विभागातील ‘टाइमझोनइन्फर्मेशन’ या कप्प्यात, ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ नावाची नोंद करून तिची किंमत १ ठेवता येते. पहिला उपाय सोपा वाटतो, तरी मी दुसरा सुचवतो. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात, तेथे स्थानिक वेळ धरणाऱ्या दोन्ही प्रणाली आपापल्या परीने तो तास मिळवतात आणि एका तासाची नवी चूक उभी राहते. यूटीसी ऋतूनुसार मागेपुढे होत नाही. मात्र रजिस्ट्रीला हात लावण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवावी.

प्रश्न : चूक नेमकी एक तासाची आहे, पण संगणकात विंडोजच आहे, दुसरे काही नाही.

उत्तर : टाइम झोनची निवड पाहावी. शेजारच्या झोनवर बोट पडले असेल किंवा उन्हाळी वेळेची सोय चुकीने चालू असेल. झोन आपोआप ठरवण्याची सोय चालू असल्यास ती बंद करून झोन हाताने निवडावा. अद्ययावत नसलेल्या जुन्या प्रणालीतही हे घडते, कारण देश आपले उन्हाळी वेळेचे नियम बदलत असतात आणि ते बदल अपडेटमधूनच संगणकापर्यंत येतात.

प्रश्न : लॅपटॉपमध्येही असा सेल असतो का? तो मी स्वतः बदलू शकतो का?

उत्तर : अनेक लॅपटॉपमध्ये असतो, पण तो बहुधा प्लास्टिकच्या वेष्टनात गुंडाळलेला आणि दोन तारांनी लहान जोडणीला लावलेला असतो. काही लॅपटॉपमध्ये तो पुन्हा चार्ज होणारा असतो. त्याच्या जागी साधा सीआर प्रकारचा सेल कधीही बसवू नये. साध्या सेलला चार्ज करण्याचा प्रयत्न झाला, तर तो फुगू किंवा फुटू शकतो. काही अलीकडच्या लॅपटॉपमध्ये वेगळा सेलच नसतो आणि घड्याळ मुख्य बॅटरीवर चालते. असा लॅपटॉप दीर्घकाळ पूर्ण उतरलेला पडून राहिला, तर त्याची वेळ जाणे हा बिघाड नव्हे. आपल्या मॉडेलच्या दुरुस्तीपुस्तिकेत सेलचा नेमका प्रकार दिलेला असतो. तो पाहिल्याशिवाय स्क्रू काढू नयेत.

प्रश्न : आमच्या कार्यालयातील संगणकांना सुरक्षेच्या कारणाने इंटरनेट दिलेले नाही. महिन्याभरात प्रत्येकाची वेळ वेगळी होते आणि फाइलींच्या नोंदी जुळत नाहीत. काही वेळा लॉगिनही नाकारले जाते.

उत्तर : लॉगिन नाकारले जाणे हे आपल्या अडचणीतील महत्त्वाचे लक्षण आहे. कार्यालयातील डोमेनवर, म्हणजे एकाच व्यवस्थापनाखाली जोडलेल्या संगणकांच्या समूहावर, ओळख पटवण्यासाठी वापरली जाणारी करबेरॉस ही पद्धत दोन्ही बाजूंच्या घड्याळांत मूळ सेटिंगनुसार पाच मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेते. जुना तिकीट-संदेश पकडून कोणी तो पुन्हा वापरू नये, यासाठी ही मर्यादा आहे. फरक वाढला की पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश मिळत नाही आणि बिचारा वापरणारा पासवर्ड बदलत बसतो.

प्रत्येक संगणक हाताने जुळवण्याचा मार्ग सोडून द्यावा. कार्यालयातील एक संगणक वेळेचा सर्व्हर ठरवावा आणि बाकीच्या सर्वांनी वेळ त्याच्याकडूनच घ्यावी, अशी मांडणी करावी. डोमेन असेल, तर विंडोजमध्ये ही व्यवस्था आधीपासूनच असते. सदस्य संगणक डोमेन कंट्रोलरकडून, म्हणजे डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरकडून, वेळ घेतात आणि सर्व कंट्रोलरांची वेळ अखेर एका मुख्य कंट्रोलरवर येऊन ठरते. त्यामुळे आपण केवळ त्या एका मुख्य कंट्रोलरची वेळ नीट राखायची. त्याला जीपीएस ग्रहण करणारे उपकरण जोडता आले, तर उत्तमच, कारण जीपीएसच्या उपग्रहांवर अणुघड्याळे असतात आणि त्यांची वेळ घेण्यासाठी इंटरनेट लागत नाही. अँटेनाला मोकळे आकाश दिसले की पुरे. तसे उपकरण नसेल, तर त्या एका संगणकाची वेळ दर आठवड्याला खात्रीच्या घड्याळावरून हाताने जुळवावी. तरीही ती काही सेकंदांनी चुकेल, पण सर्व संगणक एकत्र चुकतील, आणि आपल्या नोंदींचा क्रम व लॉगिन या दोन्हींना आवश्यक आहे ती एकमेकांशी जुळणी.

दुरुस्ती करताना एक काळजी घ्यावी. मुख्य संगणकाचे घड्याळ पुढे गेलेले असेल आणि ते एकदम मागे आणले, तर तोच काळ नोंदींमध्ये दोनदा येतो आणि नंतर केलेला बदल आधीचा दिसू लागतो. असा बदल कार्यालयाच्या वेळेनंतर, डेटाबेसचे प्रोग्रॅम बंद करून करावा आणि केल्याची नोंद दिनांकासह लिहून ठेवावी.

प्रश्न : संगणकावरील ऑथेंटिकेटर प्रोग्रॅमने दिलेले सहा आकडी कोड वारंवार नाकारले जातात. घड्याळ तर बरोबर दिसते.

उत्तर : तासमिनिटे बरोबर दिसत असतील, सेकंद पाहावेत. हे कोड एक गुप्त किल्ली आणि त्या क्षणाची वेळ यांवरून तयार होतात आणि बहुतेक ठिकाणी दर ३० सेकंदांनी बदलतात. सर्व्हर सहसा मागचा-पुढचा एखादा कोड चालवून घेतो, पण घड्याळ मिनिटभर वाहवले असेल, तर ती सवलतही पुरत नाही. कोपऱ्यातील घड्याळ सेकंद दाखवत नाही, म्हणून चूक नजरेस येत नाही. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ व त्यात ‘डेट अँड टाइम’ हे पान उघडून ‘सिंक नाऊ’ दाबावे, शेवटची जुळवणी केव्हा झाली ती वेळ तेथेच वाचावी आणि पुढचा नवा कोड येईपर्यंत थांबून तो वापरावा. या कामात टाइम झोन चुकलेला असला, तरी ती चूकही सुधारावी. केवळ दिसणारी वेळ बरोबर यावी म्हणून चुकीच्या झोनमध्ये घड्याळ हाताने पुढेमागे केले असेल, तर आतील यूटीसी काही तासांनी चुकलेली राहते, आणि कोड तयार होतो तो त्या यूटीसीवरून.